ओरडल्याबद्दलची नोटीस मागे न घेण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (आस्थापना),
नाट्यगृह प्रशासन कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याशेजारी.

विषय : प्रयोग चालू असताना ओरडल्याबद्दल अर्जदारास दिलेली कारणे दाखवा नोटीस कृपया मागे घेऊ नये, याबाबत.

संदर्भ : (१) सदर नोटीस. (२) वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय, ज्यात अर्जदारास काही दुखत नाही असे नमूद आहे. (३) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, जे आपल्याकडे कुठेतरी असतीलच.

महोदय,

१. अर्जदार आपल्या नाट्यगृहात पडदा ओढण्याच्या कामावर आहे. कागदोपत्री त्याचा हुद्दा 'रंगमंच सहायक (पडदा)' असा असला, तरी नटांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यास 'पडदेमामा' म्हणतात, आणि पगारपत्रक सोडल्यास त्याचे खरे नाव कुठेच वापरात राहिलेले नाही. अर्जदाराने आजवर जे अर्ज केले ते काहीतरी मिळावे म्हणून केले. जे मिळाले आहे ते काढून घेऊ नये, यासाठीचा हा पहिलाच. आपल्याकडे असा अर्ज पूर्वी आला नसावा आणि तो कोणत्या फायलीत लावायचा यावरून टेबलांची टोलवाटोलवी होईल, त्याबद्दल आगाऊ क्षमा असावी.

२. प्रथम अर्जदाराच्या कामाच्या रीतीविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण सगळे घोडे तिथेच पेंड खाते. विंगेत उभे राहणाऱ्याने आवाज करायचा नाही, हे या कामाचे पहिले शिक्षण आणि शेवटचेही. अर्जदाराच्या आधी जे पडदेवाले होते त्यांनी त्यास तरुणपणीच बजावून ठेवले होते की, शिंक आली तर नाक दाबायचे, खोकला आला तर बाही तोंडात कोंबायची, आणि पायावर पेटी पडली तर जे काय म्हणायचे ते मनातल्या मनात म्हणायचे. अर्जदाराच्या हे इतके अंगवळणी पडले की, घरीही तो दार लावतो तेव्हा कडी वाजत नाही. लग्नानंतरची पहिली काही वर्षे नवरा घरात आहे की बाहेर गेला, हे पाहायला पत्नीस स्वयंपाकघरातून उठून यावे लागे. दाढ काढताना दंतवैद्याने मध्येच हात थांबवून, जिवंत आहात ना, अशी चौकशी केली होती. अर्जदार हे बढाई म्हणून सांगत नाही. उलट ही सवय आता त्याच्या मुळावर आली आहे.

३. अपघाताची हकिगत आपल्या दप्तरी आहे, परंतु ती ज्या स्वरूपात आहे त्या स्वरूपात ती अर्जदारास स्वतःलाही ओळखू येत नाही. झाले ते असे. तिसरा अंक चालू असताना पडद्याचा दोर वर कप्पीत अडकल्याचे लक्षात आले. अर्जदार लोखंडी शिडीने माळ्यावर चढला, दोर सोडवला, आणि उतरताना अंधारात त्याचा पाय पायरीवरून सुटला. खाली मागच्या प्रयोगाचे लाकडी चौथरे रचून ठेवले होते. त्यांतल्या एकाच्या कोपऱ्यावर अर्जदार पाठीच्या उजव्या बाजूने पडला. धप्पकन आवाज झाला. रंगमंचावर त्या वेळी ज्येष्ठ नट, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते घर विकण्याविषयी मुलीशी बोलत होते. दादांनी मानही वळवली नाही. ते म्हणाले, "मांजर असेल. तू बोल." प्रेक्षक हसले आणि नाटक पुढे गेले. अर्जदार खाली पडल्या पडल्या श्वास शोधत होता, तरी दादांच्या त्या समयसूचकतेचे त्यालाही कौतुक वाटले, हे तो प्रामाणिकपणे नमूद करतो. पुढे पडद्याची वेळ झाली तेव्हा तो उठला आणि पडदा पाडला. कसा पाडला ते विचारू नये, त्याचे त्यालाही माहीत नाही. टाळ्या संपल्यावर दिवे सांभाळणारा सहकारी विंगेत आला, त्याला मामा दोराला धरून बसलेले दिसले. काय झाले म्हणून त्याने विचारले, तेव्हा अर्जदाराने 'बरगड्या' एवढा एकच शब्द सांगितला, आणि तोही कुजबुजत.

४. त्यानंतर चौकशी झाली. चौकशीत नटांनी, ध्वनियंत्रावरील इसमाने आणि पहिल्या रांगेतील काही प्रेक्षकांनी आपण मांजर ऐकल्याचे सांगितले. माणूस पडला असता तर ओरडला असता, आणि बरगड्या मोडल्या असत्या तर पडदा पडला नसता, असा निष्कर्ष निघाला. दादांकडे विचारणा केली असता त्यांनी मोठ्या प्रेमाने लेखी कळवले की, त्या दिवशीच्या इतका सुरेख पडदा आपल्या आयुष्यात पडला नाही. अर्जदाराच्या कामाची एवढी तारीफ कधी कोणी केली नव्हती आणि ती नेमकी त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून लागली. नाट्यगृहात मांजरांना मज्जाव करणारे परिपत्रक निघाले, ते सूचनाफलकावर अजून आहे. अखेर एक्स-रे पाहून, मांजराच्या पडण्याने अर्जदाराच्या बरगड्या मोडू शकत नाहीत हे कार्यालयाने मान्य केले आणि अपघात कामावरचा धरला. त्याबद्दल अर्जदार खरोखरच ऋणी आहे. त्या लढाईतच त्याची निम्मी ताकद गेली, एवढेच.

५. बरगड्या एकाहून अधिक ठिकाणी मोडल्या होत्या. श्वास घेतला की छातीचा तो भाग फुगण्याऐवजी आत जात असे. शस्त्रक्रिया करून त्यांवर धातूच्या पट्ट्या स्क्रूने बसवण्यात आल्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाई वयाने तरुण, हाताने हुशार आणि बोलायला गोड आहेत. त्यांच्याविषयी अर्जदाराची तक्रार नाही, हे ठळकपणे नमूद करावे. श्वास परत आला, हाडे जुळली, टाके सुकले. सगळे ठीक झाले म्हणून पत्नीने शेजारीपाजारी सांगूनही टाकले. आणि मग, हात मोकळा हलवायला सांगितल्यानंतर, खांद्याच्या पात्याखाली दुखू लागले.

हे दुखणे कसे आहे ते लिहून दाखवणे अवघड आहे, पण प्रयत्न करतो. खांद्याचे पाते पाठीवर बरेचसे मोकळे असते आणि हात पुढे गेला की ते बरगड्यांवरून सरकते, हे अर्जदारास या वयापर्यंत माहीत नव्हते, माहीत असण्याचे कारणही नव्हते. आता हात जितक्या वेळा पुढे जातो तितक्या वेळा ते माहीत होते. पाते सरकते, खालच्या पट्टीच्या कडेला अडते, स्क्रूच्या डोक्यांवरून घासत जाते, 'खट्' असा आवाज होतो, आणि पाठीत कुणी सांडशीने चिमटा काढल्याप्रमाणे होते. हात वर नेला तर फारसे काही नाही. पुढे नेला, आडवा नेला, की झाले. सदऱ्याची दुसरी बाही घालताना, नळ सोडताना, खिडकीची कडी लावताना, ताटाच्या पलीकडचा पेला उचलताना. खुर्चीला पाठ टेकणे ही केवढी चैन असते हे ती गेल्यावर कळले. घरातल्या आरामखुर्चीवर आता इस्त्रीचे कपडे ठेवले जातात.

डॉक्टरबाईंनी फोटो पुन्हा काढला आणि बोटाने दाखवून समजावले की, ज्या बरगड्या पात्याच्या खाली येतात त्यांच्यावर पट्ट्या बसवल्या की काहींना हा त्रास होतो. यात कोणाची चूक नाही. पट्ट्या तिथे बसवल्या नसत्या तर अर्जदार आज अर्ज करण्याच्या स्थितीत नसता. व्यायाम करून झाला, शेक देऊन झाला, पाठीत सुई देऊन झाली. तिने थोडे दिवस बरे वाटले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा त्या म्हणाल्या, "हाडं जुळली आहेत, मामा. पट्ट्यांचं काम संपलं, आता काढून टाकू या. शंभर टक्के हमी देत नाही, पण बऱ्याच जणांना आराम पडतो." अर्जदार तिथल्या तिथे तयार होता. परंतु अपघात कामावरचा असल्यामुळे दुसऱ्या शस्त्रक्रियेस आपल्या वैद्यकीय मंडळाची मंजुरी लागते. इथून पुढे हकिगत पुन्हा मांजरापाशी येते.

६. मंडळाने अर्जदारास बोलावले. खोली स्वच्छ होती, माणसेही सभ्य होती. हात वर करा म्हणाले, केला. बाजूला करा म्हणाले, केला. मग उजवा हात पुढून डाव्या खांद्यावर ठेवायला सांगितला. अर्जदाराने तो ठेवला, पाते अडकले, आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधार आला. अशा वेळी तो इतकी वर्षे जे करत आला तेच त्याने केले. डोळे मिटले, दात आवळले, श्वास धरून ठेवला आणि कळ जाईपर्यंत अजिबात हलला नाही. अध्यक्षांनी दुखते का म्हणून विचारले. अर्जदाराने मान हलवून हो म्हटले. अभिप्रायात असे आले की, रुग्णाने तपासणीदरम्यान वेदनेचा कोणताही उद्गार काढला नाही, चेहऱ्यावर वेदनेची चिन्हे दिसली नाहीत, सांगितलेल्या सर्व हालचाली त्याने शांतपणे केल्या, आणि अपघात बरगड्यांचा असून तक्रार खांद्याची आहे, सबब दुसऱ्या शस्त्रक्रियेची आवश्यकता दिसत नाही. 'खट्' आवाज मंडळाने ऐकला होता. तो खुर्चीचा असावा असे नमूद आहे.

अर्जदाराच्या अंगातून निघालेला आवाज अशा रीतीने दोनदा दुसऱ्याच्या नावावर जमा झाला. एकदा मांजराच्या आणि एकदा खुर्चीच्या. मांजराचे एक वेळ ठीक, पण खुर्ची तर कार्यालयाचीच होती, तिची तपासणी सहज करता आली असती.

७. अर्जदाराच्या पुढील अर्जांवर कार्यालयाने दया दाखवून त्यास हलके काम दिले, ते तिकीट खिडकीवर. बसून करायचे काम, पंख्याखाली. ज्याने हा विचार केला त्याचे भले होवो. परंतु आपल्या नाट्यगृहाची तिकीट खिडकी आपण आतून पाहिली असेल तर आपल्या लक्षात येईल की, तिची भिंत जाड आहे आणि दगडी कट्टा चांगलाच रुंद आहे. प्रत्येक तिकीट देण्यासाठी हात पूर्ण लांब करून पुढे घालावा लागतो. बाहेरचा माणूस काही हात आत घालत नाही, त्याने का घालावा. म्हणजे अंगात जी एक हालचाल होत नाही, नेमकी तीच दिवसभर करण्याचे काम अर्जदारास मिळाले. हे डावपेचाने झाले असे त्याचे म्हणणे नाही, एवढा विचार त्याच्यासाठी कोणी केला नसणार. डाव्या हाताने तिकिटे देऊन पाहिली, तर लोक म्हणाले, तिकीट अशा हाताने देतात का. शेवटी अर्जदाराने स्वतःच विनवण्या करून आपले जड काम परत मागून घेतले. पडद्याचा दोर निदान वरून खाली ओढायचा असतो. डावा हात पुढे ठेवून आणि उजवा जवळ धरून तो बरेच दिवस रेटत राहिला. फक्त शेवटचा संथ पडदा असला की दोन्ही हातांनी पुढे-मागे दोर सोडावा लागतो, तेव्हा पंचाईत होते.

८. या काळात पत्नीचे म्हणणे असे पडले की, दोष दुखण्यात नाही, अर्जदाराच्या गप्प राहण्यात आहे. ती म्हणाली, "लोकांना दुखणं दिसत नाही हो, ऐकू येतं. तुम्ही थोडं कण्हायला शिका." अर्जदारास ते पटले. मंडळाने पुन्हा बोलावलेच तर तयारी असावी म्हणून घरी सराव सुरू केला. पत्नी म्हणे, हात पुढे करा, आणि कळ आली की 'आई गं' म्हणा. अर्जदार हात पुढे करी, कळ येई, आणि तोंडातून काही निघत नसे. कळ ओसरल्यावर तो सावकाश 'आई गं' म्हणे, ते कुणाचा निरोप सांगितल्याप्रमाणे वाटे. पत्नी आधी हसली, मग चिडली, मग उठून स्वयंपाकघरात गेली. अर्जदाराने उभे आयुष्य नाटकात काढले, पण त्यास नाटक येत नाही. आले असते तर तो रंगमंचावर असता, विंगेत नसता.

महोदय, अर्जदार थकला आहे. दुखण्याने जेवढा थकला नसेल तेवढा ते सांगून थकला आहे. एखाद्याचा पाय मोडला तर तो लंगडतो, लोक वाट सोडतात. याचे दुखणे असे की, ते सदऱ्याच्या आत, पाठीमागे, हाडाच्या खाली. त्याला स्वतःलाही ते कधी दिसणार नाही. कधीकधी त्यास अशीही शंका येते की, इतके सगळे जाणते लोक म्हणतात तर खरोखरच दुखत नसेल. मग तो नळ सोडायला हात पुढे करतो आणि शंका फिटते.

९. आता नोटिशीस कारण झालेला प्रसंग. चालू नाटकाचा शेवटचा प्रवेश आपण पाहिला नसल्यास सांगतो. त्यात थोरल्या बहिणीचे काम करणाऱ्या बाई एकट्या रंगमंचावर असतात. धाकटी कायमची निघून गेली आहे. बाई काही बोलत नाहीत, संगीत नाही, काही नाही. दोरीवरचे वाळलेले कपडे काढून एकेक घडी घालत राहतात, आणि पडदा इतक्या हळू येतो की, तो कधी सुरू झाला ते प्रेक्षकांना समजू नये. हा पडदा अर्जदाराच्या आवडीचा आहे. त्या दिवशी तिकिटे संपली होती, तरी प्रेक्षागृहात कुणी बसले आहे असे वाटू नये इतकी शांतता होती. अर्जदाराने दोन्ही हातांनी दोर सोडायला घेतला. पडदा अर्ध्यावर आला असेल. उजवा हात पुढे गेला, पाते पट्टीच्या कडेला अडकले आणि या वेळी ते सुटेचना. अर्जदाराने श्वास धरला. दात आवळले. जे जे येत होते ते सगळे केले. आणि तरी त्याच्या तोंडून 'आई गं' अशी किंकाळी निघाली.

ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली, असे नोटिशीत म्हटले आहे, ते खरे आहे. आपला आवाज एवढा मोठा आहे हे अर्जदारास प्रथमच कळले. दोर हातातून सुटला, पडदा मध्येच लोंबकळत राहिला. बाई हातातली घडी तशीच धरून विंगेकडे पाहत उभ्या राहिल्या. त्या शांततेत प्रेक्षकांतून कुणीतरी विचारले, "काय झालं हो त्यांना?" शेवटी दिवेवाल्याने धावत येऊन उरलेला पडदा ओढला. महिना-महिना तालीम करून बसवलेला प्रवेश अर्जदाराने एका शब्दात मातीत घातला. त्याची त्यास लाज वाटते. तो तिथेच भिंतीकडे तोंड करून उभा होता, तेव्हा बाई चेहऱ्यावरचा रंगही न पुसता आत आल्या. त्या रागावतील असे वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, "मामा, हे किती दिवसांचं आहे?" हा प्रश्न त्यास आजवर कोणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तराची तयारी नव्हती.

१०. निर्मात्यांनी रीतसर तक्रार केली आणि आपली नोटीस आली. तिच्यातील मजकूर असा : 'ज्याअर्थी आपण कर्तव्यावर असताना, पडद्याचा दोर ओढीत असता, पाठीतील वेदनेने मोठ्याने ओरडून प्रयोगात व्यत्यय आणला, त्याअर्थी आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा.'

अर्जदाराने ती घरी नेऊन पत्नीस वाचून दाखवली. तिने ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. अर्जदाराने पुन्हा वाचली. मग तिने कागद स्वतःच्या हातात घेतला, 'पाठीतील वेदनेने' या दोन शब्दांवर बोट ठेवले आणि पदर डोळ्यांना लावला. महोदय, ते दोन शब्द आजवर आम्ही लिहीत आलो आणि आपण खोडीत आलात. ते आपल्या कार्यालयाने प्रथमच आपल्या हाताने, आपल्या शिक्क्यानिशी लिहिले. मसुदा ज्या लिपिकाने केला त्याने तक्रारीतले शब्द तसेच उतरवले असतील, हे अर्जदार जाणून आहे. अर्जदारास ते तसे असले तरी चालेल.

इथवर सगळे चांगले चालले होते. परंतु माणसांचा चांगुलपणा आडवा आला. बाई निर्मात्यांना गाठून बोलल्या, निर्मात्यांनी तक्रार परत घेतली. व्यवस्थापकसाहेबांनी आपल्याकडे शब्द टाकला की, मामांची इतक्या वर्षांची निष्कलंक सेवा आहे, उगीच डाग नको. काल मुख्य लिपिकांनी स्वतः फोन करून अभिनंदन केले आणि सांगितले, "नोटीस फाइलीतून काढून टाकतोय, मामा. झालं ते झालंच नाही असं समजा." अर्जदाराने धन्यवाद म्हटले, फोन ठेवला आणि खाली बसला.

झालेच नाही असे समजायचे, हे अर्जदारास आता झेपणार नाही. पडणे झाले नाही, मांजर झाले. खट् झाले नाही, खुर्ची झाली. जन्मात एकदाच जो आवाज त्याच्या स्वतःच्या नावावर लागला तोही आपण मोठ्या मनाने काढून टाकणार असाल, तर त्याच्यापाशी काहीच उरत नाही. मंडळापुढे तो पुन्हा गेला तर पुन्हा गप्पच बसणार आहे, हे त्यास पक्के ठाऊक आहे. त्या किंकाळीनंतर घरी सराव करून पाहिला. येत नाही.

११. सबब नम्र विनंती अशी की, सदर नोटीस मागे घेऊ नये. तीतील आरोप अर्जदारास शब्दशः मान्य आहे, त्याला खुलासा द्यायचा नाही, आणि नियमात बसेल ती शिक्षा, सेवापुस्तकातील लाल शेऱ्यासह, त्याने आधीच कबूल केली आहे, असे समजावे. शिक्षा सौम्य करण्याच्या नादात 'पाठीतील वेदनेने' हे शब्द गळू नयेत, एवढी काळजी घ्यावी. नोटिशीची खरी प्रत वैद्यकीय मंडळाकडे आपल्या शिफारशीसह पाठवावी आणि पट्ट्या काढण्याच्या शस्त्रक्रियेस मंजुरी देण्याबाबत कळवावे. डॉक्टरबाई तयार आहेत, अर्जदार तयार आहे, हाडेसुद्धा जुळून बसली आहेत. फक्त मंजुरीच तेवढी यायची आहे. मांजरांचे परिपत्रक मात्र फलकावरून काढले तरी चालेल, त्यांचा यात काही संबंध नव्हता.

मंडळाने अर्जदारास पुन्हा तपासणीसाठी बोलावल्यास तो हजर राहील आणि सांगाल ती हालचाल करील. त्या वेळी तो गप्प राहिला, तर ते दुखत नाही म्हणून नव्हे, एवढे कृपया आधीच लिहून ठेवावे. उजवा हात टेबलावर पुढे ठेवून लिहिणे होत नसल्याने हा अर्ज अर्जदाराने सांगितला आणि पत्नीने लिहून घेतला आहे. सही डाव्या हाताने केली आहे. ती जुन्या सहीशी न जुळल्यास अर्ज परत न पाठवता, दिवेवाल्यास बोलावून ओळख पटवून घ्यावी.

तसदीबद्दल क्षमस्व.

आपल्या शिक्षेची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही, डाव्या हाताची)
रंगमंच सहायक (पडदा)

दिनांक : खुलाशाची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, प्रयोगाला जाण्यापूर्वी.

सोबत : नोटिशीची प्रत, मंडळाच्या अभिप्रायाची प्रत, डॉक्टरबाईंचे पत्र, पाठीचा फोटो (हा उजेडाकडे धरून पाहावा, पट्ट्या स्पष्ट दिसतात).

हस्ताक्षर : अर्जदाराची पत्नी.

वरील मजकूर ह्यांनी सांगितला तसाच मी लिहिला आहे, माझ्या पदरचे काही घातलेले नाही. फक्त सांगताना हे मधे मधे थांबत होते, बराच वेळ. का थांबले ते ह्यांनी मला लिहायला सांगितले नाही. ते मी माझ्या जबाबदारीवर लिहिते : दुखत होते म्हणून.